चुलीवर झुकलेलं गाणं

मुक्ता, ईशान,

गेल्या रविवारी फोनवर तुमच्या बाबाने, म्हणजे माझ्या नंदूने, सहज विचारलं, "आई, बाबलकाकाची ती पत्र्याची ट्रंक अजून घरात आहे? भंगारवाल्याला देऊन टाक ना, किती दिवस सांभाळणार?" मी काही बोलायच्या आत मागून मुक्ताने विचारलं, "त्यात काय आहे, आजी?" मी म्हटलं, "गाणी." "कुणाची?" एवढं ऐकू आलं आणि लाइन गेली. आमच्या वायरी गावात पावसात फोनची लाइन गेली की ती सवडीने परत येते. तेवढ्या सवडीत मी हे लिहायला बसले आहे. कुणाची गाणी, या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देण्यासारखं नाही आणि ते आता माझ्याशिवाय कुणाला देताही येणार नाही. हाच मजकूर इथल्या वर्तमानपत्राच्या पुरवणीलाही देते आहे, कारण बाबल जसा तुमचा धाकटा आजोबा होता, तसा या वाडीचाही कुणीतरी होता.

तो गेला त्याच्या आदल्या दिवशी मी कणकवलीच्या इस्पितळात त्याच्याजवळ बसले होते. आषाढ चालू होता, छातीत कफ भरला होता, बोलताना धाप लागत होती. ऐकू तर त्याला जवळजवळ काहीच येत नव्हतं. दुपारी कधीतरी वीज गेली. बाबलने खाटेच्या लोखंडी दांडीवर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि थोड्या वेळाने मला म्हणाला, "वयनी, तेंचो जनरेटर हळू चालता. सांगा तेंका." मी बाहेर जाऊन नर्सला सांगितलं. ती हसली. "आजी, तुमच्या पेशंटला जनरेटर ऐकू येतो होय?" मी म्हटलं, "कानांनी नाही." दुसऱ्या दिवशी चांगला उजेड झाल्यावर शेजारच्या दाजीचा फोन आला. रात्री तो सोबतीला थांबला होता. दाजी एरवी मोठ्या आवाजाचा माणूस, वाडीच्या भजनी मंडळाचा बुवा. फोनवर मात्र इतका हळू बोलला की मला दोनदा विचारावं लागलं...

बाबल म्हणजे तुमच्या आजोबांचा धाकटा भाऊ, माझा दीर. वीसेक वर्षं तो मालवाहू बोटींवर इलेक्ट्रिकल ऑफिसर होता. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "सा म्हयने पाण्यात असतंय. माका कोण चेडू देतला? मासो?" १९९८ मध्ये तो कायमचा घरी आला. कोकण रेल्वे नुकतीच सुरू झाली होती, त्यामुळे तो थेट कणकवलीला उतरला आणि दाजीने कुणाचातरी टेम्पो नेऊन त्याला घरी आणलं. तुमचे आजोबा त्याच्या आदल्या वर्षी गेले होते. मी मालवणच्या हायस्कुलातून निवृत्त झाले होते, तिथे मी इंग्रजी शिकवायचे. घरात मी एकटी आणि माझी शिस्त, असा संसार होता. त्यात हा टेम्पो अंगणात, म्हणजे इथल्या भाषेत खळ्यात, येऊन उभा राहिला. कपड्यांची एक बॅग, एक जपानी कॅसेट-सीडी प्लेयर, त्याचे दोन लाकडी स्पीकर आणि ही ट्रंक. दाजीची बायको सुलू मासळीची पाटी घेऊन निघाली होती, ती पाटी खाली ठेवून बघायला आली. "बाबलभाव, सोन्याची बिस्किटां हाडलास काय रे?" ट्रंक उघडली तर आत कॅसेटीच कॅसेटी! बहुतेकांवरचा पारदर्शक कागदही काढलेला नव्हता. सुलू म्हणाली, "इतकी वर्सां दर्यार जावन ह्यां हाडलस? आमच्या दाजीक तरी बरो म्हणूक व्हयो."

मला नवल वाटलं ते न उघडलेल्या कागदांचं. विकत घेतलं आणि ऐकलं नाही, असं का? तेव्हा त्याने आपली पद्धत सांगितली. बोट बंदराला लागली की काही तास मोकळे मिळत. बाकीचे लोक बाजारात घड्याळं आणि साड्या बघत. हा गाण्यांच्या दुकानात जाऊन मालकाला विचारायचा, तुझ्याकडे कुणीच न घेतलेलं काय आहे? मालक आधी चक्रावत, मग खालचा खण उघडत. त्या खणातलं हा उचलायचा. ऐकणं घरी गेल्यावर, निवांत, असं त्याने ठरवून टाकलं होतं. "पण कुणीच न घेतलेलं का?" मी विचारलं. त्याने सुलूच्या पाटीकडे बोट दाखवलं. "वयनी, इसवण नि सरंगो कोणय घेता. पेडवो घेवन खावचो, तर तो खावपी." इसवण म्हणजे तुमची सुरमई आणि सरंगा म्हणजे पापलेट. पेडवा बारीक, काटेरी आणि स्वस्त, पण पहिल्या घासातच कळतं की आपण काय सोडत होतो. "नि तो काटो तुझ्या घशात रवता तेवा मी येवचंय काय?" असं म्हणून सुलूने पाटी डोक्यावर घेतली.

त्या सगळ्या कॅसेटी एकाच जातीच्या होत्या. त्याला सिंथ पॉप म्हणतात, हे मला बाबलने सांगितलं. सिंथेसायझर नावाचं विजेवर चालणारं वाद्य असतं. त्यात तार नाही, कातडं नाही, फुंकर नाही. विजेलाच सूर लावायचा. तालही यंत्रच देतं आणि त्यावर एखादा माणूस गातो. मी शास्त्रीय गाणं ऐकत वाढलेली बाई. पहिल्या दिवशी मला ते कुणीतरी रिकाम्या टाकीवर चमचा वाजवत असल्यासारखं वाटलं. सुलूला तेवढंही वाटलं नाही. कुंपणापलीकडून तिने विचारलं, "वयनी, तुमचो मिक्सर बिघडलो काय?" बाबल हसला, पण रागावला नाही. तो म्हणाला, "माझा काम काय होता बोटीर? खाली मशीन रूमात, मशीन नि मी. चार-चार तास दुसरो माणूस नाय. ह्ये गाणारे लोक पण तशेच, वयनी. एक खोली, एक मशीन नि एकटो माणूस. तो गाता तेवा कसो गाता, ता ऐका." हे वाक्य मी मग कधी विसरले नाही. आवाज कुठून येतो हे कळलं की तो ऐकायचा कसा हेही कळतं. वर्गात मी मुलींना कविता शिकवताना हेच सांगत असे, इथे मात्र ते मला पुन्हा शिकावं लागलं.

आणि मग मलाच गोडी लागली. दुपारी जेवणं झाली की एक कॅसेट. तो पारदर्शक कागद काढायचा, मी आतलं कव्हर वाचायचं. इंग्रजी असलं तर ठीक, नाहीतर अक्षरं बघून तर्क करायचा. अनेकांची नावं आम्हाला उच्चारता येत नसत, म्हणून आम्ही आमची नावं ठेवली. अँटवर्पच्या खणातले दोन भाऊ होते. दोघांचे आवाज इतके सारखे की कोण कुठे थांबला ते कळायचं नाही. त्यांना आम्ही 'जुळे' म्हणायचो. ट्रॅमचं तिकीट हरवलं, बूट भिजला, असल्या विषयांवर ते जिवाच्या आकांताने गात. जपानातल्या कोबेचा एक गृहस्थ होता, त्याने एक अख्खी बाजू लिफ्टवर केली होती. सूर मजल्यामजल्याने वर चढायचे, दार उघडल्याचा एक आवाज व्हायचा आणि परत वर. शेवटच्या मजल्यावर गाणं थांबलं तेव्हा मी आपसूक वर बघितलं होतं. पोलंडच्या गदिन्या बंदरातल्या एका कॅसेटीवर कुठलंच नाव नव्हतं, कव्हरही हाताने चिकटवलेलं. तिच्यात एक म्हातारा फक्त बोलत होता आणि मागे यंत्र अंगाईसारखं वाजत होतं. तो काय बोलतो हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही, पण बाबल म्हणायचा की तो नातवंडांशी बोलतो आहे. वाईटही पुष्कळ निघालं, हे सांगायला हवं. काही काही गाणी कुणीच का घेतली नाहीत ते दोन मिनिटांत कळायचं. तेव्हा बाबल गंभीरपणे म्हणायचा, "ह्यो पेडवो नासको निघालो."

इथला पाऊस कॅसेटींचा वैरी. पहिल्याच पावसाळ्यात फितीवर पांढरी बुरशी धरली. बोटीवर सगळं वातानुकूलित, त्यामुळे हे संकट बाबलला नवीन होतं. त्याने स्पिरिट आणि कापूस घेऊन खूप खटपट केली, पण एक पुसावी तर दुसरीवर धरायची. शेवटी त्याला आईची युक्ती आठवली. आमच्या स्वयंपाकघरात अजूनही एक चूल होती, त्यावर मी आंघोळीचं पाणी तापवायचे. चुलीच्या वर फळ्यांचा छोटा माळा. माझ्या सासूबाई पावसाळ्यात आमसुलं, सुकी मासळी, भाजीचं बी, जे काही कोरडं राहायला हवं ते तिथे ठेवायच्या. खालून ऊब आणि धूर लागला की कशाला म्हणून बुरशी येत नसे. बाबलने बुरशीची भीती असलेल्या कॅसेटी एका बांबूच्या रोवळीत भरल्या आणि आमसुलांच्या शेजारी ठेवून दिल्या. जगभरच्या बोटींच्या मोटारी दुरुस्त केलेला माणूस! पण घरात पाऊल टाकलं की तो आईचा मुलगा व्हायचा. बुरशी खरोखर गेली. कॅसेटींना आमसुलाचा आणि सुक्या बांगड्याचा वास मात्र असा लागला की प्लेयर सुरू झाला की मांजर येऊन समोर बसायचं.

त्या रोवळीतल्या एका कॅसेटीच्या कव्हरावर निळा रेनकोट घातलेली, पाठमोरी बाई होती. बंदराच्या धक्क्यावर उभी. ती हेलसिंकीच्या खणातली. नाव छापलेलं होतं ते एवढंच, हेल्वी. आम्ही ती लावली तेव्हा पाऊस नुकताच ओसरला होता. आधी खालच्या पट्टीतले चार सूर आले, जड, एकामागून एक, आणि चौथा सूर हळूच खाली झुकून परत वर आला. नांगरलेली होडी लाटेने झुकते आणि सावरते, अगदी तसा. मग ती गायला लागली, इंग्रजीतच, पण जपून उच्चारलेल्या, शाळेत शिकलेल्या इंग्रजीत. धक्क्यावरचे दिवे एकेक करून विझतात आणि ती घरी जात नाही, एवढाच मजकूर. तिचा आवाजही मधूनच तसाच झुकायचा. बाजू संपली, प्लेयरचं बटण खटकन वर आलं, तेव्हा बाबल म्हणाला, "वयनी, असां कोणीच करूक नाय. सूर असो सोडून परत धरूक... मशिनीर? ह्यां कसां केल्यान तिणां?" यंत्राचं काम जाणणाऱ्या माणसाला यंत्राने चकवलं होतं. त्याला तो झुकलेला सूर सोडवेना. किती तरी दिवस तो कागदावर आकृत्या काढून, तिने कुठलं बटण कसं फिरवलं असेल, ते मला समजावत होता.

कान त्याचे आधीपासूनच जात होते, हे मला उशिरा कळलं. २००३ मध्ये मी त्याला कणकवलीला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले, कारण दारावरची घंटा त्याला ऐकू येईना. डॉक्टरांनी तपासून आलेख दाखवला. इतकी वर्षं इंजिनाच्या गोंगाटात काढलेल्या माणसाचे वरच्या पट्टीतले सूर आधी जातात, मग हळूहळू मधले. जे गेलं ते परत येणार नाही. "किती दिवस उरले?" बाबलने असं विचारलं जसं काही लोक आयुष्याबद्दल विचारतात. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. घरी आल्यावर त्याने ट्रंक उघडली आणि न ऐकलेल्या कॅसेटी एका बाजूला, ऐकलेल्या दुसऱ्या बाजूला लावल्या. न ऐकलेला ढीग मोठा होता. "निवांत ऐकतलंय म्हणान ठेवलंय," तो म्हणाला, "नि आता ऐकूक बसलंय तर कानच रजेर चललेत."

मग त्याने नियम केला. ऐकलेली कॅसेट परत लावायची नाही. जेवढे कान शिल्लक आहेत तेवढ्यात न ऐकलेल्या सगळ्या एकदा तरी ऐकून संपवायच्या. मला हे पूर्ण पटलं. हातातलं काम संपवावं, ही माझी रीत. आम्ही जोमाने लागलो. त्याला जे ऐकू येत नसे ते मी ऐकून मोठ्याने सांगायची. "आता ढोल थांबला. आता बाई एकटीच. आता मागून बारीक काहीतरी, काचेसारखं." तो मान हलवायचा. "घंटी आसतली. बरोबर, हयसरच येवक व्हयी." सुलू कुंपणाशी येऊन म्हणायची, "वयनी, म्हाताऱ्याक कित्याक गाळी घालतास? बरो आसा तो." मी म्हणायची, "अगं, गाणं सांगतेय त्याला." "गाणां सांगतत? आमी तर म्हणतो बाई."

पण नियम पाळणारा तो नव्हे. दोन-तीन नव्या झाल्या की त्याचा हात रोवळीकडे जायचा. "एकच बाजू, वयनी." मी समजवायची, भावोजी, हेल्वी तुम्ही पुष्कळदा ऐकलीत, तो ढीग बघा, कान काही थांबणार नाहीत. शाळेत परीक्षेच्या आधी पोरी आवडीचाच धडा पुन्हा पुन्हा वाचतात, तसं हे चाललंय. एकदा मी जरा जोरातच बोलले, तेव्हा त्याने शांतपणे उत्तर दिलं. "वयनी, ताटातला सगळा चाखून उठलंय तर माका काय आठवतला? एक तरी जिन्नस पोटभर खावक नको?" आणि त्याने तिचीच कॅसेट लावली. नवीन ढीग राहिला तसाच राहिला. मी नंतर बोलले नाही, पण दर वेळी त्या न उघडलेल्या कागदांकडे माझी नजर जायची. ते ऐकायचे राहून जाणार, हे त्याला ठाऊक होतं आणि त्याने ते निवडलं होतं.

२००८ मध्ये नंदू आला होता, तुम्ही दोघं लहान होतात म्हणून तुमच्या आईबरोबर तिकडेच राहिलात. बाबल त्याला म्हणाला, "नंदू, ही बाय कोण ती माका बघून दी." नंदूने कव्हराचा फोटो काढून नेला. त्या वर्षाच्या शेवटी त्याने एक सीडी पाठवली. आपल्या बाबलसारख्याच खणांत शोधणाऱ्या कुणीतरी ही कॅसेट जपून ठेवली होती आणि इंटरनेटवर ऐकायला टाकली होती, तिथून नंदूने ती उतरवून घेतली. सोबत मिळालेली माहिती थोडकी. हेल्वी एका शाळेत शिकवायची. घरच्या खोलीत तिने ही एकच कॅसेट केली. फार कुणी घेतली नाही. पुढे तिचं काय झालं ते कुणाला माहीत नाही. ती शिक्षिका होती, हे ऐकून मला उगाच बरं वाटलं.

बाबलला तोवर फक्त खालचे सूर पोचत होते, तेही स्पीकरच्या लाकडावर तळहात टेकला तर. त्याने सीडी लावायला लावली आणि हात टेकवून बसला. मी ऐकू लागले. चार सूर आले. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. चौथा झुकला नाही. पुढेही कुठेच काही झुकलं नाही. तिचा आवाजही सरळ, स्वच्छ, भक्कम. मला वाटलं मीच चुकतेय, म्हणून मी आपली कॅसेट लावून बघितली, परत सीडी लावली. बाबल माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. "काय झाला?" त्याने विचारलं. खोटं बोलणं सोपं होतं. त्याला काही कळलं नसतं. पण तो माझ्या कानांवर विसंबून होता... मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, "भावोजी, हे सरळ आहे. झुकतं ते आपलंच."

तो उठला, कॅसेट काढली, चष्मा लावून उजेडात धरली. खिडकीपाशी फिरवून फिरवून बघितली. मग मला दाखवली. कॅसेटीचं प्लास्टिक एका कडेला किंचित वाकलं होतं. चुलीच्या उबेने. आतलं चक्र फिरताना तिथे घासायचं, फीत अडखळायची, सूर खाली यायचा आणि सुटला की परत वर. एवढी वर्षं तो ज्या बटणाच्या आकृत्या काढत होता, ते बटण म्हणजे आमच्या सासूबाईंचा माळा होता. मला वाटलं, आता हा कोसळणार. ज्या सुरापायी त्याने बाकीचा ढीग सोडला, तो सूर तिने गायलाच नव्हता. बराच वेळ तो त्या कॅसेटीवरून अंगठा फिरवत राहिला. मग त्याने विचारलं, "मगे आमी इतकी वर्सां ऐकलव, तां कोणाचां?" मी विचार करून पुन्हा त्याच्या कानाशी म्हटलं, "निम्मं तिचं. निम्मं आपल्या चुलीचं." तो हसायला लागला. हसता हसता खोकला आला, तरी थांबेना. "आवशीन केल्यान, वयनी! आवशीन!" म्हणजे आईने केलं. आणि डोळे पुसून म्हणाला, "मगे ह्यां आमचांय आसा. कोणाक तरी देवक व्हया."

देण्याची वेळ २००९ च्या चतुर्थीला आली. गणपतीत वाडीचं भजनी मंडळ घरोघर फिरतं, हे तुम्ही एकदा पाहिलंय, ईशानला झांजेच्या आवाजाने रडू आलं होतं. दाजीने त्या वर्षी पेटीच्या जोडीला कीबोर्ड घेतला होता. बाबल त्याच्या पडवीत जाऊन बसला आणि म्हणाला, भजनात सगळे नाचतात त्या गजराच्या खाली हे चार सूर वाजव. दाजीने त्याच्या कानाशी विचारलं, "कोणाचे?" "एका बायचे. फिनलंडच्या." दाजी उखडला. "बाबल्या, देवाच्या भजनात खंयच्या बायचां गाणां घालतलंस? लोक काय म्हणतले?" बाबलला ऐकू आलं नाही, पण चेहरा कळला. सुलू मध्ये पडली. "तू गेल्या वर्सा पिच्चरच्या गाण्यार गजर केलंस, तेवा देवाक बरा वाटला मा? ही बाय तरी खंय नाचूक नाय." दाजीने कीबोर्ड पुढ्यात ओढला. मग म्हणाला, "बरां. पण तिच्या नावान गाराणां घालूक व्हया. त्याशिवाय मी बोट लावचंय नाय."

गाऱ्हाणं म्हणजे देवाला मोठ्याने सांगितलेली फिर्याद आणि विनंती. एक जण सांगतो, बाकीचे प्रत्येक वाक्याला होकार देतात. त्याशिवाय इथे विहीर खणत नाहीत की होडी पाण्यात लोटत नाहीत. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या गणपतीसमोर सगळे उभे राहिले आणि दाजीने सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" "ही हेल्वी बाय खंयची, तिचो गाव खंयचो, तां आमका ठावक नाय, तुका ठावक आसा रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" "तिचे चार सूर नि ह्या घराच्या चुलीचो धूर, दोनय तुझ्या पायाकडे हाडलंव, काय चुकला माकला तर पदरात घे रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" "ती खंय आसात थंय तिका बरी ठेव, तिचां बरां कर रे म्हाराजा!" सगळी वाडी ओरडली, "व्हय म्हाराजा!" मी इतकी वर्षं देवासमोर कमीच बोलते. त्या दिवशी मीही ओरडले.

मग गजर सुरू झाला. मृदंग, झांजा, पेटी, आणि त्या सगळ्याच्या खाली ते चार सूर. कीबोर्डच्या डाव्या बाजूला एक छोटं चाक असतं. बाबलने दाजीला आधीच शिकवून ठेवलं होतं की चौथ्या सुराला ते चाक किंचित खाली ओढून सोडायचं. दाजीने ते ओढलं, सूर झुकला आणि सावरला, आणि नाचणारे लोक त्याच झोकात झुकले आणि सावरले. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. बाबल कीबोर्डच्या स्पीकरला पाठ लावून जमिनीवर बसला होता. त्याने माझ्याकडे बघून पाठीकडे बोट केलं. पोचतंय, असं.

त्यानंतर त्याने कॅसेटी लावल्या नाहीत. न उघडलेला ढीग त्याने स्वतःच नीट ट्रंकेत परत ठेवला. मी विचारलं, "मी ऐकून सांगू का?" तर हात हलवून नको म्हणाला. "तुमका आवडला तर ऐका. माझ्यासाठी नको. माझां भरला."

यंदा चतुर्थीला, बाबल नुकताच गेलेला म्हणून, आमच्या घरी गणपती साधाच आणला. मंडळ येणार नाही असं मी धरून चालले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दाजी एकटाच दारात येऊन उभा राहिला. "वयनी, वाजवू काय?" मी म्हटलं, "वाजवा." गाऱ्हाण्यात त्याने हेल्वीचं नाव घेतलं आणि तिच्यानंतर बाबलचं. गजराला चौथा सूर झुकला. नंतर कळलं की पलीकडच्या वाडीच्या मंडळानेही तो गजर उचलला आहे. त्यांच्या बुवाला तो कुठून आला हे माहीत नाही. दाजीचा आहे, असं तो समजतो आणि दाजी खोडून काढत नाही.

नंदूला सांगा, ट्रंक मी भंगारात देणार नाही, पण तिच्यात फारसं काही उरलेलंही नाही. मी उघडून पाहिली. बहुतेक कॅसेटींच्या फिती चिकटून एक झाल्या आहेत, ऐकलेल्याही आणि न ऐकलेल्याही. हेल्वीची कॅसेट दोन महिन्यांपूर्वी प्लेयरमध्ये तुटली. हेल्वी कुठे आहे, मला माहीत नाही. ते चार सूर वायरीत दर चतुर्थीला वाजतात आणि त्यातला चौथा आमच्या चुलीवर झुकलेला आहे.